मॅसी १०३५च्या डिझेल टाकीचे पोचे : कामाच्या नोंदी

ट्रॅक्टर: मॅसी फर्ग्युसन १०३५, तीन सिलिंडर. टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्या वर. पत्रा काठाला व्हर्नियरने ०.९ मिमी भरला, म्हणजे २० गेज. तक्रार एकच: पावसात उभा राहिला की फिल्टरच्या वाटीत पाणी साचतं.

५ एप्रिल २०२५

बॉनेट उतरवून पाहणी. तीन जागा सापडल्या. खडूने अ, ब, क लिहून ठेवलं.

अ: वरच्या पत्र्यावर, डिझेलची पातळी दाखवणाऱ्या गेजच्या भोकाला अगदी लागून. १६० × ११० मिमी, सगळ्यात खोल जागी १९ मिमी. बॉनेटच्या आतल्या अंगालाही त्याच जागी खूण आहे. म्हणजे वरून काहीतरी जड पडून बॉनेट दबलं आणि त्यानेच टाकी दाबली. बॉनेट मागे कुणीतरी ठोकून सरळ केलंय, टाकी तशीच राहिली.

ब: पुढचा खालचा कोपरा. ६० × ४० मिमी, खोली ८. मधून धारदार घडी, आणि घडी शिवणीपासून बोटभर अंतरावर.

क: डावी बाजू. हा पोचा नाहीच. पत्रा दाबला की ‘टप्’ करून आत जातो, सोडला की बाहेर येतो.

डिझेल कमी मावतं म्हणून पोचे काढायचे, असं बरेच जण सांगतात. हिशेब करून पाहिला. उथळ वाटीचं घनफळ लांबी, रुंदी, खोली यांच्या गुणाकाराच्या साधारण चार दशांश येतं. पोचा अ मध्ये जागा गेली सुमारे १३० मिली, चहाचा मोठा कप. तेवढ्यासाठी टाकी उतरवायची गरज नव्हती. खरं दुखणं गेजच्या भोकाभोवतीच्या कड्यात आहे. पोच्याने कडं एका बाजूला खाली ओढलंय. स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर खाली २.२ मिमी फट. इतकी फट कुठलंही गॅस्केट भरून काढत नाही. पावसाचं पाणी पोच्याच्या वाटीत साचतं आणि तिथूनच आत झिरपतं. म्हणून या कामाचं माप ठरलं: पोचा दिसेनासा झाला नाही तरी चालेल, कडं सपाट झालं पाहिजे.

६ एप्रिल

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढली. कॉकमधून डिझेल उपसलं, ११ लिटर. शेवटचा दीड लिटर वेगळ्या डब्यात घेतला, कारण पाणी आणि गाळ तळाला असतो. निघालाही तसाच: खाली पाण्याचा थर, आणि पाणी व डिझेल मिळतात तिथे काळपट, शेवाळासारखी साय. ही बुरशी आहे. पाणी नसेल तर ती वाढत नाही, त्यामुळे औषध टाकण्याआधी पाणी कुठून येतं ते बंद करायचं.

कॉक, रिटर्नचा पाइप, गेज काढले. टाकीखालचे नमद्याचे तुकडे चिंब होते. त्यांच्याखाली पत्रा खडबडीत गंजलाय, पण आरपार नाही. पोकरने ठिकठिकाणी दाबून पाहिला, कुठे दबत नाही.

७ एप्रिल: धुणे

हे काम उरकून टाकायचं नाही. डिझेल पेट्रोलसारखं भसकन पेटत नाही, त्यामुळे लोक गाफील राहतात. भारतीय मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३५ अंश सेल्सियस धरलाय. एप्रिलच्या उन्हात ठेवलेला पत्रा त्याच्या पार वर जातो. रिकामी टाकी उन्हात पडली असेल तर आत पेटाऊ वाफ असू शकते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त धोक्याची, ती यामुळे. शिवाय शिवणीत मुरलेलं डिझेल धुऊनही उरतं आणि पत्रा तापला की वाफ होऊन बाहेर येतं. नाकाला वास आला नाही, हा पुरावा नव्हे.

केलं ते असं: उकळतं पाणी २० लिटर, धुण्याचा सोडा ४०० ग्रॅम, भांड्यांचा लिक्विड साबण अर्धी वाटी. टाकी चारी बाजूंना आलटून पालटून अर्धा अर्धा तास ठेवली. असं तीन वेळा. तिसऱ्या पाण्यावर तवंग दिसला नाही.

कॉस्टिक सोडा मुद्दाम टाळला. तो चरबी झटकन काढतो, पण कथलाचा मुलामा आणि ॲल्युमिनियमचे भाग खातो. आत मुलामा असण्याची शक्यता होती (९ तारखेची नोंद पाहा).

तळाचा गाळ सुटावा म्हणून आत साखळी टाकून टाकी हलवली. नट-बोल्ट टाकायची पद्धत आहे, पण एखादा नट बॅफलमागे (टाकीच्या आतल्या आडव्या पत्र्यामागे) अडकला की तास जातो. साखळी अखंड असते. टोकाला तार बांधून तार तोंडाबाहेर ठेवली की ओढून निघते. नटच वापरायचे असतील तर मोजून टाका आणि मोजून काढा.

धुवणाचं पाणी गटारात किंवा विहिरीच्या अंगाला सोडलं नाही. ड्रममध्ये दोन दिवस ठेवून वरचा तवंग काढून घेतला.

९ एप्रिल: मुलामा ओळखणे, रंग काढणे

रंगाखाली पत्रा राखाडी, निस्तेज दिसला. सुईने ओरखडा काढला तर वरचा थर मऊ. कापसाने घासला तर कापूस काळा पडतो. लोहचुंबक चिकटतो. म्हणजे लोखंडी पत्र्यावर शिसं आणि कथील यांचा मुलामा. जुन्या टाक्यांना तो सर्रास असायचा: गंज थोपवतो आणि त्यावर सोल्डर चांगला बसतो.

यातून दोन बंधनं आली. एक, ग्राइंडर आणि कोरडं घासणं बंद, शिशाची धूळ नाकात जाते. रंग रिमूव्हरने सोडवला, उरलेला ओल्या वॉटर पेपरने. हात धुतल्याशिवाय चहा नाही. दुसरं, गॅसची ज्योत बंद. शिसं ३२७ अंशांना वितळतं, कथील मिसळलं की त्याच्याही खाली. पत्रा लाल करून आवळायची जी पद्धत डेंटर गाडीच्या दारावर वापरतात, ती इथे केली तर मुलामा जळतो, धूर विषारी आणि आतल्या बाजूला उघडं लोखंड उरतं. पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज.

जाता जाता: गळती थांबवायला आत जस्ताचा पत्रा किंवा गॅल्व्हनाइझ केलेला तुकडा कधीच लावू नये. जस्त डिझेलमधल्या आम्लांशी मिळून साबणासारखा पदार्थ तयार करतं आणि तो नोझलमध्ये जाऊन बसतो.

११ एप्रिल: पाण्याच्या दाबाची तयारी

टाकीत हवा भरून पोचा बाहेर काढायचा, हा सगळ्यांचा पहिला विचार असतो. आकडे मांडून पाहा. वरचा पत्रा ७०० × २६० मिमी, म्हणजे १८२० चौरस सेमी. हवा चौरस सेमीला १ किलो भरली तरी त्या पत्र्यावर १८२० किलो जोर येतो. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचे ७ किलो भरले तर पावणेतेरा टन. टाकी आधी फुगून ढोल होते, मग शिवण उकलते. आणि दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, शिवण सुटली की पत्रा उडतो. पाणी दबत नाही. शिवण सुटली तर चूळभर पाणी सांडतं आणि दाब शून्य.

म्हणून टाकी पाण्याने पूर्ण भरायची आणि दाब द्यायचा तो पाइपच्या उंचीने. पाण्याचा १ मीटर उंच स्तंभ म्हणजे चौरस सेमीला ०.१ किलो. पाइप टाकीच्या वर २ मीटर धरला की ०.२ किलो. दाबमापक लागत नाही, चूक होत नाही, कारण पाइपाच्या टोकाच्या वर पाणी चढूच शकत नाही.

सामान:
- टाकीच्या तोंडासाठी बूच: दोन जाड वॉशरमध्ये रबर, मधून अर्ध्या इंची निपल. निपलवरचा नट आवळला की रबर फुगून घट्ट बसतं.
- गेजच्या भोकावर ५ मिमी प्लेट आणि तात्पुरतं जाड मऊ रबर. कडं वाकडं असल्याने साधं गॅस्केट इथे गळणारच.
- १२ मिमी पारदर्शक पाइप, ३ मीटर.
- १९ मिमी प्लायचे तुकडे: दोन बाजूंना, पुढे, मागे आणि खाली.
- जी क्लॅम्प ६.

प्लायशिवाय हे काम करू नये. दाब सगळ्या बाजूंना सारखाच जातो. चांगल्या बाजू आवळून धरल्या नाहीत तर पोचा राहतो जागेवर आणि चांगल्या बाजूला पोट येतं.

१२ एप्रिल

टाकी भरताना थोडी तिरकी धरली. पोच्याच्या काठाखाली हवा अडकते, ती तोंडाकडे सरकली पाहिजे. पाइपात बुडबुडे यायचे थांबल्यावर पाइप दोरीला बांधून छताच्या कैचीवर चढवला. १ मीटर, थांबून पाहणी, मग २ मीटर.

नुसत्या दाबाने पोचा जेमतेम २ मिमी उठला. त्यात नवल नाही: पोच्याचं क्षेत्रफळ १३८ चौरस सेमी, म्हणजे त्याच्या वाट्याला फक्त २७-२८ किलो. पण पोचा धरून ठेवतो तो त्याचा काठ. पोचा पडतो तेव्हा मधला भाग आधी बसतो आणि सभोवती कड उठते, ती शेवटी. काढताना क्रम उलटा: आधी कड बसवायची, मग मधला भाग सुटतो. दाब असतानाच लाकडी मोगरीने कडेवर बाहेरून आत अशा फेऱ्या मारल्या. घाव हलके, मनगटातून. पाच-सहा फेऱ्यांनी पाइपातलं पाणी हळूहळू खाली उतरू लागलं. टाकीचं पोट वाढतंय याची ती खूण. खोली १९ वरून १३ वर आली.

लोभाने पाइप अडीच मीटरवर नेला. डाव्या बाजूचा एक क्लॅम्प सैल होता, प्लाय २ मिमी बाहेर सरकला. लगेच खाली घेतला. प्लाय काढून पट्टी लावली तर पत्रा सरळ होता, लवचीकपणात सावरला. पुन्हा २ मीटरच्या वर गेलो नाही.

क ची ‘टप् टप्’ निम्मी कमी झाली. ती तशी व्हायलाच हवी होती. पत्रा एका जागी आत ओढला गेला की शेजारी ताण येतो किंवा सैल पडतो. मोठा पोचा काढण्याआधी अशा जागेवर हातोडा मारत बसणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

१४ एप्रिल: डाख (सोल्डर) लावून ओढणे

उरलेले १३ मिमी ओढून काढायचे. आतून हात पोचत नाही. बॅफल दोन, आणि पोचा त्यांच्या मधोमध.

पाच ओढपट्ट्या केल्या: २५ × २५ × ३ मिमी लोखंडी तुकडा, मध्ये एम ८ चा आट्यांचा दांडा उभा वेल्ड केलेला. वेल्डिंग अर्थातच टाकीपासून लांब, दुसऱ्या शेडमध्ये. तळाची बाजू कानशीने सपाट करून आधीच कल्हई करून घेतली: फ्लक्स म्हणून जस्त घालून मारलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि ६०/४० सोल्डर. हा सोल्डर १८३ ते १९० अंशांत वितळतो, त्यामुळे टाकीच्या मुलाम्याला फारसा धक्का लागत नाही.

टाकी धुतलेली असली तरी कोरडी ठेवली नाही. पोचा वर राहील अशी मांडून पोच्याच्या तळाखाली ५ सेमीपर्यंत पाणी भरलं, तोंड आणि गेजचं भोक उघडं. आत वाफेला जागाच कमी. तापवायला ज्योत नाही, २५० वॅटचा तांब्याच्या मोठ्या डोक्याचा सोल्डरिंग आयर्न.

पत्र्यावर ओढपट्टीच्या जागा मुलाम्यापर्यंत स्वच्छ केल्या, फ्लक्स, कल्हईचा पातळ हात, वर ओढपट्टी. आयर्न ओढपट्टीवर टेकवून ठेवला. चारी बाजूंनी चमकती रेघ आली की आयर्न उचलायचा आणि ओढपट्टी न हलवता लाकडाने दाबून धरायची. चमक जाऊन पांढुरकी झाली की सोल्डर गोठला. त्यानंतरही दोन मिनिटं हात लावू नये.

ओढायला पूल: ४० × ४० × ५ चा अँगल, ३५० मिमी लांब, टाकीच्या रुंदीवर आडवा. दोन्ही टोकांखाली लाकडी ठोकळे, आणि ठोकळे बरोबर बाजूच्या उभ्या पत्र्यांच्या डोक्यावर. मधल्या पत्र्यावर ठोकळा टेकवला तर तिथे नवा पोचा पडतो. एम ८ दांडा अँगलच्या भोकातून वर, त्यावर जाड वॉशर आणि नट. एम ८ ची चाल १.२५ मिमी, म्हणजे अर्धा फेरा सहा दशांश मिमी.

स्लाइड हॅमर का नाही? सोल्डर हळू ओढ बरीच सोसतो, झटका सोसत नाही. शिवाय हॅमरने किती ओढलं ते ठोका बसल्यावर कळतं, नटाने आधी कळतं.

१५ एप्रिल

क्रम: १ आणि २ क्रमांकाच्या ओढपट्ट्या काठाजवळ, ३ आणि ४ मधल्या अंतरावर, ५ सर्वांत खोल जागी. काठापासून सुरुवात. अर्धा फेरा, मग कडेवर मोगरीची फेरी, पुन्हा अर्धा फेरा. ठोकल्यावर नट सैल लागला तर पत्रा हलला. नट तसाच ताठ राहिला तर अजून ठोका, फेरा वाढवू नका.

ओढपट्टी ३ सातव्या अर्ध्या फेऱ्याला ‘टक्’ करून सुटली. उलटून पाहिली: अर्ध्या तळावर सोल्डर चकचकीत आणि पत्र्याच्या रेघा उमटलेल्या, उरलेल्या अर्ध्यावर दाणेदार, करडा. म्हणजे तो अर्धा भाग पत्र्याला लागलाच नव्हता. कारण सरळ होतं: त्या बाजूला टाकी कलती होती, पाणी पत्र्याच्या जवळ आलं होतं आणि उष्णता शोषत होतं. आयर्न कितीही वेळ ठेवला तरी पत्रा तापत नव्हता, वर फ्लक्स मात्र करपला. पाणी २ सेमी कमी केलं, टाकी पाणसळीने सपाट केली, जागा परत घासून नवी कल्हई. दुसऱ्यांदा सुटली नाही.

दुसरी चूक हाताची. ओढपट्टी ४ वर उसळीचा हिशेब धरून २ मिमी जास्त ओढलं. नट सोडल्यावर पत्रा मागे जाईल असं वाटलं, गेला अर्धा मिमीच. दीड मिमीचा उंचवटा राहिला. खोल जागी उसळी मोठी, काठाजवळ अगदी थोडी. जास्तीची ओढ सगळीकडे एकसारखी देऊ नये.

संध्याकाळची मापं: अ मध्ये खोल जागी ४ मिमी, एका जागी १.५ मिमी उंच.

ओढपट्ट्या आयर्नने तापवून आडव्या सरकवल्या. सरळ वर उपटल्या तर पत्र्यावर टोक उठतं. उरलेला सोल्डर पुसून काढला नाही. तो पत्र्याला धरलेला आहे, लांबीपेक्षा (पत्र्यावर भरायच्या पुट्टीपेक्षा) कैक पटीने चांगला भराव.

फ्लक्स मात्र लगेच सोड्याच्या पाण्याने धुतला. आम्लाचा फ्लक्स रंगाखाली राहिला की महिन्याभरात फोड येतात.

१७ एप्रिल: मठारणे

उरलेलं काम मापाचं नाही, हाताचं. पुण्याच्या तांबट आळीत पातेली मठारताना जे करतात तेच: खाली टेकू, वर चापट तोंडाचा हातोडा, घाव शेजारी शेजारी, एकावर एक नाही. फरक इतकाच की इथे टेकू आत न्यायचा तो गेजच्या भोकातून.

टेकूसाठी १६ मिमीचा गज, ७०० मिमी लांब. टोकाकडे ९० मिमी काटकोनात वाकवला आणि त्यावर जुन्या बेअरिंगचा मोठा गोळा वेल्ड केला. गोळा भोकातून जेमतेम जातो. एकाने गज धरायचा, दुसऱ्याने ठोकायचं. धरणाऱ्याला गोळा कुठे टेकलाय ते दिसत नाही, म्हणून ठोकणाऱ्याने आधी बोटाने टिचकी मारायची. गोळ्यावर असेल तर आवाज भरीव, नसेल तर पोकळ. भरीव आवाज येईपर्यंत हातोडा उचलायचा नाही. पोकळ जागी घाव बसला की नवा पोचा.

उंचवट्यावर गोळा थेट खाली धरला नाही. दोन लोखंडांत पत्रा सापडला की तो पातळ होऊन पसरतो आणि मग तोही ‘टप् टप्’ करू लागतो. गोळा उंचवट्याच्या बाजूच्या खोलगट भागाखाली धरून उंच जागेवर वरून मारायचं. उंच खाली जातं, खोल वर येतं.

दोन तास. शेवटी पट्टी ठेवून जास्तीत जास्त फट १.२ मिमी. थांबलो. याच्यापुढे प्रत्येक घाव पत्रा ताणतो, आणि दीड मिमीच्या आतलं काम लांबीचं.

क पूर्ण शांत झाला, त्याला हात न लावता.

१९ एप्रिल: गेजचं कडं

या कामासाठीच सगळा खटाटोप. पोचा निघाल्यावर फट २.२ वरून ०.९ मिमी झाली होती, ती आणखी कमी करायची.

१० मिमी जाड पट्टीला गेजच्या भोकाएवढं भोक पाडलं. आतून लावायला तसंच कडं, पण दोन अर्ध्या तुकड्यांत, म्हणजे भोकातून तिरपं आत जातं. एम ६ चे बोल्ट पाडलेल्या भोकांतून. वरची पट्टी आणि खालचे अर्धे तुकडे यांच्यात पत्रा सँडविचसारखा आवळला. नुसतं आवळून सोडलं तर पत्रा परत वाकतो. आवळलेलं असताना कड्याच्या बाहेरच्या रेघेवर लाकडाचा तुकडा ठेवून हलके ठोके दिले, सोडलं, मोजलं, परत आवळलं. चौथ्या वेळी ०.२५ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) कुठेच शिरेना.

गॅस्केट: ३ मिमी नायट्राइल (डिझेलला टिकणारं रबर) मिसळलेलं कॉर्क. सिलिकॉन लावला नाही. साधा सिलिकॉन डिझेलमध्ये फुगतो, सुटतो, आणि त्याच्या दोऱ्या कॉकच्या जाळीवर जाऊन बसतात.

२० एप्रिल: गळती, आणि ब चा निर्णय

पाणी धरलं म्हणून डिझेल धरेलच असं नाही. पाणी जिथे अडतं तिथून डिझेल पाझरतं. शिवणी, बॅफलच्या स्पॉट वेल्डच्या जागा आणि पोच्याचा सगळा भाग यांवर खडूची पूड पाण्यात कालवून ब्रशने फासली, वाळू दिली. आत १० लिटर डिझेल घालून टाकी बाजू बदलत प्रत्येक बाजूवर सहा सहा तास.

एक डाग उमटला: वरच्या पत्र्यावर मागच्या बॅफलच्या ओळीत, स्पॉट वेल्डच्या कडेला, मोहरीएवढा. पोचा पडताना बॅफलने पत्रा धरून ठेवला आणि तिथे चीर गेली. डिझेल काढून, पुन्हा सोड्याने दोनदा धुऊन, पाणी भरून, आयर्ननेच डाख दिला. पुन्हा खडू, पुन्हा डिझेल. कोरडं.

ब तसाच ठेवला. कारणं: घडी धारदार आहे, म्हणजे पत्रा तिथे आधीच ताणून पातळ झालाय, घडी उलटी फिरवली तर पडते ती चीर. शिवण बोटभर अंतरावर, ओढ तिच्यावर जाईल. आणि तो कोपरा ना गेजच्या आड येतो, ना कॉकच्या, ना बॉनेटच्या. खडूच्या चाचणीत कोरडा निघाला. दिसायला बरं वाटावं म्हणून चांगली शिवण बिघडवण्यात अर्थ नाही.

२३ ते २६ एप्रिल: लांबी आणि रंग

पत्रा ३२० च्या ओल्या पेपरने, थिनरने पुसून, इपॉक्सी प्रायमरचा एक हात. दुसऱ्या दिवशी लांबी. १०० ग्रॅम लांबीला हार्डनर २ ग्रॅम. दुपारी ४० अंशांत ही लांबी चार-पाच मिनिटांत धरते, म्हणून सकाळी सातच्या आत आणि एका वेळी लिंबाएवढीच कालवायची. लवकर धरत नाही म्हणून हार्डनर वाढवला तर तो नंतर रंगातून पिवळट डाग बनून वर येतो. थर कुठेही २ मिमीच्या वर नाही. गेजच्या कड्याभोवती ३ सेमी लांबी अजिबात नाही. स्क्रू आवळले की ती तडकते आणि पाणी पुन्हा तिथेच.

घासणं १८०, मग ३२०, सगळं ओलं. पुन्हा प्रायमर, वर दोन पॅक पीयू (हार्डनर मिसळून लावायचा पॉलियुरेथेन) रंग, दोन हात. साधा इनॅमल टाकीच्या तोंडाभोवती टिकत नाही. भरताना सांडलेलं डिझेल त्याला मऊ करतं.

२९ एप्रिल: बसवणे

टाकीखाली नमदा परत घातला नाही, तो पाणी धरून ठेवतो. ६ मिमी नायट्राइलच्या पट्ट्या. टायरची ट्यूब कापून घालतात, पण ती डिझेल लागलं की फुगून बुळबुळीत होते.

बोल्ट आधी सैल, बॉनेट ठेवून पाहिलं. टाकी आणि बॉनेट यांत किती जागा आहे ते बघायला पोच्याच्या जागी कणकेची गोळी ठेवली, बॉनेट बसवून काढलं, चेपलेली गोळी मोजली: १४ मिमी. पुरेशी. मग बोल्ट आवळले.

टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मातीने बुजलेलं सापडलं, तारेने मोकळं केलं. ते बंद असेल तर टाकीत ओढ तयार होते, इंजिन लोडवर दम तोडतं, आणि कड्यात फट असेल तर पाणी आत खेचलं जातं. कड्याची फट आणि बुजलेलं भोक, दोन्ही मिळून वाटीत पाणी येत होतं.

फिल्टर नवा. गाळून ठेवलेल्या डिझेलमधला वरचा ९ लिटर भाग वापरला, बाकी नवं. हवा काढणं फिल्टरच्या स्क्रूपासून सुरू करून पंपापर्यंत. प्रत्येक ठिकाणी बुडबुडे संपून सलग धार आल्यावरच स्क्रू आवळला.

१४ जून

पहिले दोन मोठे पाऊस झाले, ट्रॅक्टर उघड्यावर होता. फिल्टरची वाटी सोडून काचेच्या ग्लासात ओतली: तळाला पाण्याचा थेंब नाही. गेजचे स्क्रू पाव पाव फेरा आवळावे लागले, कॉर्क बसलंय. टाकीचे बोल्ट जागेवर. क च्या जागी दाबून पाहिलं, आवाज नाही. ब कोपऱ्यात खडूची रेघ मारून ठेवली आहे, दिवाळीत सर्व्हिसिंगच्या वेळी पाहायची.